साहेब मागून येतोय

डहाणूच्या मांजरांनी आजवर एकाच माणसाला मनापासून मान दिला, तो म्हणजे आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरांना. पहाटे ते पाठीवर ओझं चढवून समुद्राच्या बाजूला वळले, की गल्लीतली चार मांजरं शेपट्या ताठ करून त्यांच्या मागे निघत आणि पार चिखले गावाच्या वाटेला लागेपर्यंत साथ देत. मास्तर त्यांच्याशी बोलत नसत, हाकलतही नसत. विचारलं तर म्हणत, "त्यांचंही बरोबर आहे. आशा सुटत नाही."

या मिरवणुकीचं कारण त्यांच्या पाठीवर होतं. नरपडच्या एका मच्छीमाराकडून त्यांनी फाटकं शीड आणलं होतं. ते शीड दोन वर्षं सुके बोंबील झाकायला वापरलेलं. मास्तरांनी रिठ्याच्या पाण्यात ते तीन वेळा धुतलं, पण मांजरांचं समाधान होण्याइतका वास उरलाच. त्या शिडाची त्यांनी पिशवी शिवून घेतली. पट्टे बैलाच्या गळ्यातले, बकलं टांग्याच्या घोड्याच्या सामानातली. मास्तर तिला 'पाठपिशवी' म्हणत. गाव तिला 'वेताळ' म्हणे.

ती शिवली माझ्या वडिलांनी. तलासरीच्या बाजारात त्यांचं शिवणयंत्र होतं. यंत्राच्या एका अंगाला गिऱ्हाइकांचे लेंगे असत आणि दुसऱ्या अंगाला चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे. मी पाटीवर कमी आणि पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर जास्त गणितं सोडवली. उत्तर चुकलं तरी पान उलटलं की पलीकडे काहीतरी बरोबर छापलेलं असायचंच. मास्तर शीड घेऊन आले तेव्हा वडिलांनी विचारलं, "कोणाच्या मापाचं?" मास्तर म्हणाले, "माझ्या पाठीच्या." वडिलांनी सदऱ्याचं घ्यावं तसं त्यांच्या पाठीचं माप घेतलं आणि मला हळूच म्हणाले, "हा माणूस बघून ठेव. स्वतःचं ओझं स्वतः उचलण्यासाठी शिंप्याकडे आलेला पहिलाच पांढरपेशा."

वडील असं का म्हणाले, हे आमच्या भागाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. मी लहान होतो तेव्हापर्यंत तलासरीच्या जंगलपट्ट्यात साहेब, सावकार, ठेकेदार कोणीही आला, तरी त्याचं सामान वारल्यांनी फुकट वाहायचं, अशी वेठ होती. एका पाड्याच्या माणसांनी ते पुढच्या पाड्याच्या शिवेपर्यंत न्यायचं, तिथून पुढच्यांनी. माणसं लढली आणि वेठ संपली. पण साहेबांच्या खांद्यांना ते कळायला वेळ लागला. पुढे मी डहाणूच्या शाळेत मराठीचा मास्तर म्हणून लागलो, तेव्हाही आमचा शिपाई हेडमास्तरांची छत्री घेऊन त्यांच्या मागे चालायचा. ऊन हेडमास्तरांच्या डोक्यावर, छत्री मिटलेली, शिपायाच्या काखेत.

भूगोलाच्या मास्तरांचं एकच सूत्र होतं, "ज्याचं ओझं त्याच्या पाठीवर." नकाशांची लांब भेंडोळी, पृथ्वीचा गोल, तो अडकवायचा लोखंडी दांडा, सगळं ते स्वतः वर्गात न्यायचे. शिपाई धावत आला तर म्हणायचे, "पृथ्वी माझ्या विषयात येते, तुझ्या नाही." एकदा शाळा तपासायला मोठे साहेब आले. त्यांची कातडी बॅग शिपायाच्या हातात. मास्तर पुढे झाले, शिपायाच्या हातून बॅग घेतली, साहेबांना वाटलं आपला मान राखला जातोय, ते प्रसन्न हसले. मास्तरांनी ती बॅग साहेबांच्याच खांद्याला अडकवली, पट्टा नीट सरळ केला आणि म्हणाले, "आता तोल साधला. मघापासून आपण डावीकडे कलत होतात." मास्तरांना बढती का मिळाली नाही, हे त्यानंतर कोणी विचारलं नाही.

रोज सकाळी अर्धं पोतं वाळू पाठीवर घेऊन ते किनाऱ्यानं चालत. बाजारातला गुजराती दुकानदार फळ्या उघडता उघडता हाक मारी, "केम मास्तर, आजे कये गाम?"

"हिमालय," मास्तर न थांबता सांगत. "आज चिखल्यापर्यंत पोचेन."

"तो त्यांथी बरफ लेता आवजो!"

"आणेन. भांडं तयार ठेवा."

दुकानदाराला ही थट्टा वाटे. मास्तरांच्या दृष्टीनं तो रस्त्याचा हिशोब होता.

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती भांडणातून. मी एक पत्रक लिहिलं होतं. त्यात आग होती, निखारे होते, शतकानुशतकांचं ओझं होतं आणि ते झुगारून देण्याचं आवाहन होतं. शुद्धलेखन बघावं म्हणून मी ते मास्तरांना दिलं. त्यांनी लाल शाईनं फक्त एकाच शब्दाभोवती गोल केले. अकरा ठिकाणी.

"'ओझं' हा शब्द एका पानात अकरा वेळा आलाय, पुढारी," ते म्हणाले. ते मला तेव्हापासून पुढारीच म्हणू लागले. "कधी उचललंयस?"

"मी विचारांचं बोलतोय, मास्तर."

"मी वजनाचं."

मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. तत्त्वनिष्ठ माणसाला राग धरणं सोपं जातं, तो त्याला भूमिका म्हणता येतो.

अबोला सुटला तो एका मुलीमुळे. मास्तर आठवीला हिमालय शिकवत होते. शिखरांच्या कुशीतली बर्फाची तळी, उन्हाळ्यात वितळणारं पाणी, त्याचा निळा रंग. हा धडा ते तीस वर्षं शिकवत होते आणि असा शिकवत की डहाणूच्या दमट वर्गात मुलं बाह्या खाली ओढायची. मी शेजारच्या वर्गात होतो, मधली भिंत चटईची. एक मुलगी उभी राहिली. "गुरुजी, ते पाणी हाताला कसं लागतं?"

"थंड."

"आमच्या विहिरीसारखं थंड की बर्फाच्या गोळ्यासारखं?"

 चटईपलीकडून मास्तरांचा आवाज आला, "मला ठाऊक नाही. मी हात घातलेला नाही." आणि भिंतीवरचा नकाशा सळसळत गुंडाळला गेला.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. "तीस वर्षं मी उसनं तळं शिकवतोय," ते म्हणाले. "निवृत्तीला दोन वर्षं उरली. एकदा जाऊन हात घालून येतो. मग शेवटच्या वर्गाला माझं स्वतःचं तळं शिकवीन."

आतून काकू आल्या. काकू म्हणजे मास्तरांच्या पत्नी. अंगानं बारीक आणि शब्दानं वजनदार. "जातील हो," त्या मला म्हणाल्या. "मागच्या महिन्यात जिना चढताना भिंत धरून उभे होते, ते सांगितलं का तुला? ह्यांचं ओझं हे वाहतात, ते खरंय. पण ह्यांनाच वाहायची वेळ आली, तर तिथं बर्फात कोण आहे? इथं मी तरी आहे."

 मग काकूंनीच अट घातली. "हिमालय राहू दे. आधी इथला गंभीरगड चढून दाखवा. अर्धा मण वजन, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, तुमच्याच पाठीवर. मध्ये दुसऱ्या कोणी एक पाऊल जरी ते वाहिलं, तर हिमालयाचं नाव या घरात काढायचं नाही. आणि साक्षीला हा जाईल."

"हा का?" मास्तरांनी विचारलं.

"ह्याला खोटं बोलता येत नाही. खरं बोलतानासुद्धा ओरडतो."

नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो. आदल्या दिवशी चिकूच्या वाडीतल्या काट्यावर काकूंनी स्वतः उभं राहून वेताळाचं वजन करून घेतलं. मास्तरांनी चलाखीनं वरच्या बाजूला चिकू भरले होते. काकूंनी ते सगळे काढले. "वाटेत खाऊन हलकं करायचं नाही." मग वाळूच्या थैल्या, घोंगडी, चहाचं भांडं आणि जाडजूड नकाशासंग्रह असा अर्धा मण भरला. माझ्याकडे फक्त माझा गठ्ठा होता. दोन हजार पत्रकं. गडाच्या वाटेवरच्या पाड्यांत वाटावीत, म्हणजे एका कामात दोन कामं, असा माझा बेत.

कागद किती जड असतो, हे कागदावर वाढलेल्या माणसालाही ठाऊक नसतं. एसटीनं कासा, तिथून पुढे मिळेल त्या बैलगाडीनं आणि मग पायी. पायथा सोडून तासभर झाला नाही, तोच गठ्ठ्याची सुतळी माझ्या बोटांत रुतली. मी तो उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतला, मग डोक्यावर, मग छातीशी तान्ह्या मुलासारखा. त्यातच नव्या चपलेनं टाच सोलली. मास्तर पुढे एकाच चालीनं चालले होते. वीस पावलांना एक लांब श्वास, बोलणं नाही. मी तिसऱ्यांदा बसलो तेव्हा ते मागे आले, माझा गठ्ठा उचलला, वेताळाच्या डोक्यावर बांधला आणि म्हणाले, "अटीत माझं ओझं दुसऱ्यानं घेण्याला बंदी आहे. दुसऱ्याचं मी घेण्याला नाही. चल."

मी विरोध केला का? केला. तोंडानं केला. हातांनी मुळीच केला नाही.

चढावर डोंगराच्या एका खांद्याला पाच-सात झोपड्यांचा पाडा होता. मास्तर त्यात शिरले तेव्हा मी शंभरेक पावलं मागे होतो. आता बघा, त्या पाड्यातल्या माणसांना काय दिसलं. एक म्हातारा येतोय, पाठीवर स्वतःपेक्षा मोठं ओझं, त्यावर आणखी एक गठ्ठा. त्या भागात आपलं सामान माणूस डोक्यावर नेतो, नाहीतर कावडीनं. असं बकलं लावलेलं, पट्ट्यापट्ट्यांचं सामान ज्याचं असतं, तो कधी स्वतः वाहत नाही. तो मागून येतो. त्याचे हात मोकळे असतात, तो जरा लंगडतो, कपाळ रुमालानं पुसतो आणि "अजून किती आहे?" असं विचारतो.

मी मोकळ्या हातांनी, लंगडत, कपाळ पुसत पाड्यात आलो आणि विचारलं, "अजून किती आहे?"

बसलेली माणसं उठली नाहीत. एका झोपडीपुढे लाडक्या नावाचा पन्नाशीचा वारली विळ्याला धार लावत होता. त्यानं विळा बाजूला ठेवला. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सायब, तुमाला खबर नाय का? वेठ बंद झाली."

"मला खबर नाही?" मी ओरडलोच. "अहो, माझे वडील त्या वेळी—"

"बंद झाली, त्याला लय वरसं झाली. आन् तुमी डोकऱ्याच्या पाठीवर दोन-दोन वजनं टाकता? लाज नाय वाटत?"

"दादा, तुमचा गैरसमज होतोय. हे मास्तर आहेत, ते स्वतःच्या मर्जीनं—"

"सगले सायब आसंच बोलं," मागून एक म्हातारी म्हणाली. "मर्जीनंच वाहायचो आमी. मर्जी नाय क्येली तर फटका."

मी मदतीसाठी मास्तरांकडे पाहिलं. आयुष्यभर वर्गात गंभीर राहिलेल्या त्या माणसाच्या डोळ्यांत पोराची चमक आली होती. त्यांनी मान खाली घातली, आवाज पाडला आणि म्हणाले, "काय करणार, दादा. पोटासाठी."

लाडक्यानं वरचा गठ्ठा सोडला. "काय हाय यात एवढं जड?" त्यानं एक कागद उपसला. तो साक्षरतेच्या वर्गाला जाऊन वाचायला शिकला होता आणि मिळेल तो कागद वाचायचा. बोट फिरवत, एकेक अक्षर जोडत, मोठ्यानं त्यानं वाचलं, "को-णी-ही को-णा-चं ओ-झं वा-हू न-ये."

त्यानं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बरा लिवलाय. कोनी लिवला?"

मला सांगावंच लागलं. "मी."

पाडा हसला. असा हसला की कोंबड्या उडाल्या. ती म्हातारी तर पदर तोंडाशी धरून खाली बसली. लाडक्या मात्र हसला नाही. "मग वाचून घ्या की एकदा," तो म्हणाला. मास्तर हसून हसून दुमडले होते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तसे हसत असतानाच लाडक्यानं त्यांच्या खांद्यांवरून पट्टे काढले, वेताळ माझ्या पाठीवर चढवला, गठ्ठा माझ्या हातात दिला आणि वाट दाखवली. "चला सायब. आता तुमी फुडं, डोकरा मागं."

मी चालू लागलो. शरमेनं माणूस अर्धा मण सहज उचलतो. मास्तर मागून अजून खिदळत येत होते. साधारण चाळीस पावलं गेलो असू, आणि मागचं हसणं थांबलं.

मी वळलो. मास्तर वाटेत उभे होते, हात खाली सोडून. त्यांचे खांदे रिकामे होते. ते त्यांना तेव्हाच कळलं, आणि मलाही.

"किती पावलं?" त्यांनी विचारलं.

"चाळीस असतील."

त्यांनी वर माथ्याकडे पाहिलं. तो हाताच्या अंतरावर दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदाच मी तो चेहरा म्हातारा पाहिला. हिमालयाचा बेत, रोजची वाळू, सगळं त्या चाळीस पावलांत गेलं होतं, आणि ते माझ्या पाठीवर होतं.

मग मी एक वाक्य बोललो. मी, ज्याला खोटं बोलता येत नाही म्हणून साक्षीला आणलं होतं.

"मास्तर, काकूंना हे सांगायलाच हवं असं कुठं आहे?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागानं नाही. आठवीतल्या मुलानं गंगा अरबी समुद्राला मिळते असं लिहिल्यावर पाहत, तसं.

"पुढारी," ते म्हणाले, "उसनं तळं नको म्हणून तर निघालो. आता उसना डोंगर घेऊन जाऊ?"

त्यांनी माझ्या पाठीवरून वेताळ उतरवला, स्वतः चढवला, बकलं लावली आणि वळून खाली चालू लागले. पाड्यातून, हसणाऱ्या माणसांमधून, सरळ खाली. लाडक्या आडवा आला. "आरं डोकऱ्या, गड वर हाय!"

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. "पायथ्यापासून मोजायचंय."

लाडक्याला मी सगळं सांगितलं. काकूंची अट, तळं, त्या मुलीचा प्रश्न. तो ऐकत गेला आणि त्याचं तोंड उतरत गेलं. "म्हंजे आमी त्याचं वजन काढला नि त्याचा हिमालय पाडला?" विळा झोपडीत टाकून तो धावत खाली गेला. मला वाटलं, आता हा ओझं उचलतो की काय! पण तो शहाणा होता. तो मास्तरांच्या शेजारी नुसता चालू लागला. दोन्ही हात मोकळे, मुद्दाम अंगापासून लांब धरलेले, चुकून जरी पिशवीला लागू नयेत म्हणून.

मीही खाली गेलो. कोणी सांगितलं नव्हतं. गठ्ठा घेऊन गेलो. वाटेत म्हटलं, निदान पाड्यात वाटून हलका करू, तर म्हातारी म्हणाली, "एक ऱ्हाला हाय ना आमच्याकडं, वाचून झाला. बाकी तुझं तुला."

पायथ्याच्या दगडाला हात लावून मास्तर दुसऱ्यांदा निघाले, तेव्हा ऊन डोक्यावर होतं. वीस पावलांना एक श्वास, मग पंधराला, मग दहाला. शेवटच्या टप्प्यावर ते पाच पावलांना थांबत होते आणि लाडक्या पुढे जाऊन सैल दगड पायानं बाजूला सारत होता. थांबले की तो म्हणे, "दम घ्या, मास्तर. डोंगर कुठं पलत नाय." डोकऱ्याचा मास्तर कधी झाला, हे मला कळलं नाही.

माथ्यावर खडकात कोरलेलं पाण्याचं एक टाकं आहे. मास्तरांनी आधी पिशवी उतरवली नाही. तसेच वाकले, हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि डोळे मिटून थांबले.

"कसं लागतं?" मी विचारलं.

"थंड."

"किती थंड?"

"ते दुसरं पाहिल्याशिवाय कसं सांगू?"

चहाला सरपण ओलं निघालं. तेव्हा मी गठ्ठा सोडला. माझ्या शब्दांनी पेट घेतलेला मी प्रथमच पाहिला. लाडक्या म्हणाला, "जाल झकास हाय सायबाच्या कागदाला."

डहाणूला काकूंसमोर मी सगळं सांगितलं. चाळीस पावलंही आणि माझं वाक्यही. ओरडलो नाही. काकूंनी मास्तरांच्या खांद्यांवरचे पट्ट्यांचे वळ पाहिले, खोबरेल तेलाची बाटली आणली आणि म्हणाल्या, "पहिला गड धरला नाही. दुसरा धरला." मग माझ्याकडे वळल्या, "तुझाही पहिला धरला नाही. तुझा दुसरा बघू केव्हा होतो."

पुढच्या पावसाळ्यात मास्तर बिनपगारी रजेवर गेले. मांजरं त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला आली होती. दीड महिन्यानं मला एक पोस्टकार्ड आलं. अक्षर थंडीनं आखडलेलं होतं, त्यांचं वाटत नव्हतं.

"पुढारी, हात घातला. आपल्या टाक्याहून खूप थंड, बोटं मोजावी लागतात. वर्गात सांगतोच. इथं सगळे आपलं सामान खेचरांवर देतात, नाहीतर हमालांच्या पाठीवर. काल तळ्याशी एका खेचरवाल्यानं मला थांबवलं. म्हणाला, 'बाबा, तुमचे साहेब कुठे राहिले?' मी सांगितलं, मागून येतोय. अजून डहाणूलाच बसलाय, पण येईल."